माझं पेज बरोबर होतं

मला ही नोकरी मिळाली ती पानिपतच्या वाटेवर, बसमध्ये. दिल्लीतलं आमचं मराठी मंडळ दर जानेवारीत काला अंबला, पानिपतच्या रणभूमीवर, बस नेतं. स्मारकापुढे फुलं वाहायची, कोणीतरी चार शब्द बोलायचे, मग थंडीच्या उन्हात सतरंज्या टाकून डबे उघडायचे. आपण जिथे हरलो तिथे दरवर्षी दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन जायचं, हे मला लहानपणापासून जरा विनोदी वाटत आलंय. मी ते बोलूनही दाखवते, त्यामुळे बसमध्ये माझ्या शेजारी बसायला फारसं कोणी उत्सुक नसतं. त्या वर्षी सर येऊन बसले. मूळचे पुण्याचे, दिल्लीत केस पांढरे झालेले, गुरुग्रामच्या एका कंपनीत मुख्य आर्किटेक्ट. घरांचे नव्हे, सॉफ्टवेअरचे.

ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. मी जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे, बरे लिहायचे. मग बाबांना अर्धांगवायू झाला, आईच्याने त्यांना उचलणं होईना, भाऊबहीण कोणी नाही, म्हणून मी नोकरी सोडली. बाबा गेल्यावर परत अर्ज करायला लागले तर प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न, मधली वर्षं काय केलंत? नोएडातल्या एका पोरगेल्या मॅनेजरला मी म्हटलं, "पिताजी को उठाती-बिठाती थी। आपके यहाँ इसका सर्टिफ़िकेट चलता है क्या?" तिथून अर्थातच पुन्हा फोन आला नाही. सर हे ऐकून इतके हसले की पुढच्या सीटवरच्या काकू वळून बघायला लागल्या. मग म्हणाले, "सीव्ही पाठव मला. आपलं माणूस आहेस, बघतो."

आम्ही अकोल्याकडचे बौद्ध. ते पुण्याचे, पेठेतले. आपलं म्हणजे नक्की कुठपर्यंत आपलं, हे मी विचारलं नाही. त्यांनी खरंच बघितलं, हे मात्र आधीच सांगून ठेवते. ज्या दारावर मी वर्षभर डोकं आपटत होते ते त्यांच्या एका फोनने उघडलं. पुढे जे सांगणार आहे त्यात ते वाईट दिसतील, आणि ते वाईट माणूस नव्हते.

तर मी प्रोबेशनवर लागले. पक्कं व्हायचं की घरी जायचं हे प्रोबेशन संपताना ठरणार होतं, आणि त्या कागदावर सही सरांची असणार होती. कंपनी शाळांच्या बसचं सॉफ्टवेअर करते. बस कुठे पोचली, कुठली अडकली, हे पालकांना मोबाइलवर दिसतं. दिल्लीत धुकं पडायला लागलं की गेटवर कुडकुडत उभे असलेले आईबाप दर मिनिटाला ते पेज उघडतात. ते पेज नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. जुनं पेज सगळ्याच बस दाखवायचं, त्यात आपली शोधत बसावं लागे. नव्या पेजवर उशिरा येणाऱ्या बस आधी दिसायला हव्या होत्या.

ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. माझं लहानपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मराठी ही माझी घरात बोलायची भाषा, आणि बाबा गेल्यावर घरही कमी बोलायला लागलं होतं. सर चहाच्या वेळी पॅन्ट्रीत येत आणि म्हणत, "चल गं, जरा माणसांत येऊ." मी बोलायला लागले की मधेच थांबवून शब्द द्यायचे. एकदा मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी घरी दिलच लागत नाही. ते म्हणाले, "करमत नाही म्हण, वेडे." हा शब्द आईच्या तोंडून मी हजारदा ऐकला असेल, पण माझ्या तोंडी तो त्या दिवशी पहिल्यांदा आला. मला त्या पॅन्ट्रीतल्या चहाची फार ओढ लागली होती. चहा मशीनचा होता, अगदी पांचट.

आता मदरविषयी सांगायला हवं. आमच्या कंपनीत कुठलंही नवीन सॉफ्टवेअर शून्यातून सुरू होत नाही. एक जुना प्रोजेक्ट आहे, त्याला सगळे मदर म्हणतात. सरांनी तो फार पूर्वी एकहाती उभा केला, कंपनी डबघाईला आली होती तेव्हा, आणि त्याच्यावरच पहिली मोठी शाळा मिळाली. तेव्हापासून पद्धत अशी की आम्ही आपापली पेजं आणि आपापला जावा लिहायचा, ते सगळं मदरच्या प्रतीत ओतायचं, आणि ती प्रत सर्व्हरवर चढवायची. मदरमध्ये एक फोल्डर आहे, त्यात वर्षानुवर्षं गोळा झालेल्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार प्रोग्रॅम, आहेत. त्यातली कुठली कशासाठी आहे हे कोणालाच सांगता येत नाही. पण त्यातलं काही काढायचं नाही. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, "मदर को हाथ नहीं लगाना।" काही घरांच्या देव्हाऱ्यात जसे कुठल्या आत्याने कधी आणून ठेवले कोण जाणे असे टाक असतात आणि कोणी हलवत नाही, तसं ते फोल्डर होतं.

पेजमध्ये लिहायची एक छोटी भाषा असते. ती जावासारखी दिसते, पण जावा नाही. सर्व्हरवरच्या यादीतून पेजवर काय दाखवायचं हे तिच्यात सांगतात. तिच्या नव्या रूपात बाण काढता येतो, आडवी रेघ आणि पुढे टोक, असा: ->. बाणाच्या डावीकडे प्रत्येक बसला एक तात्पुरतं नाव द्यायचं, उजवीकडे अट घालायची. ही बस घे, उशिरा असेल तर वर ठेव. याला लॅम्डा म्हणतात. पूर्वी ज्याला एकेक बस तपासत फिरणारा दहा ओळींचा लूप आणि दोन तात्पुरती खोकी लागायची ते एका ओळीत मावतं. मी घरी बसले होते त्या काळात ही गोष्ट आली होती. बाबा झोपले की मी खुर्चीत बसून ती शिकले होते. कुणी विचारलं नव्हतं, कुठे वापरायची नव्हती, तरी शिकले. म्हणून त्या पेजवर पहिला बाण काढला तेव्हा मला काय वाटलं हे सांगून समजणार नाही.

माझ्या लॅपटॉपवर पेज झकास चाललं. टेस्ट सर्व्हरवर चढवलं आणि लाल पट्टी आली: एक्सप्रेशन पार्स करता येत नाही, म्हणजे लिहिलेलं वाचता येत नाही. बाणाच्या टोकाशी बोट ठेवून सर्व्हर म्हणत होता, हे इथे अपेक्षित नव्हतं.

सिंटॅक्स एरर म्हटल्यावर ऑफिसात कोणाला काही विचारावंसं वाटत नाही. सिंटॅक्स एरर म्हणजे लिहिणाऱ्याची चूक, लिहिणारी कोण, तर ही. टेस्टिंगवाल्यांनी ग्रुपवर पेजचा फोटो टाकला. कोणीतरी खाली हसरा चेहरा लावला. आमचा मॅनेजर करनालचा, सदा घाईत, वाईट नाही पण त्याला कारणं ऐकायची हौस नाही. तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मैडम, सिंपल लूप लगा दो ना। ये नया-नया सब छोड़ो, गैप के बाद टाइम लगता है।"

गैप. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. बाबांच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळाने त्यांना कुशीवर वळवायचे मी, आणि या लोकांच्या लेखी ती दोन नोकऱ्यांमधली फट. मी म्हटलं, "लूप नहीं लगाऊँगी। पहले पता करूँगी कि ये चला क्यों नहीं।" तो खांदे उडवून गेला. मला माहीत होतं की प्रोबेशनवरच्या बाईने असं बोलायचं नसतं.

मग मी एकेक करून सगळं तपासलं. बाणाच्या डावीकडच्या नावाला कंस घातला, काढला. जावात चालतात ते महिरपी कंस या भाषेत बाणाच्या उजवीकडे चालत नाहीत, ते माझ्याकडून कुठे पडले आहेत का पाहिलं. नव्हते पडले. बाणाचं टोक पेजच्या खुणांमध्ये मिसळत असेल म्हणून ते दुसऱ्या पद्धतीने लिहून पाहिलं. अवतरणं मोजली. सर्व्हर जुना असेल म्हणून त्याची आवृत्ती काढली, तो चांगला नवीन निघाला. शेवटी बस, उशीर, पालक सगळं काढून टाकलं आणि कोऱ्या पेजवर एक बाण काढला, दिलेल्या आकड्यात एक मिळव, एवढाच. त्यापेक्षा साधा लॅम्डा असूच शकत नाही. टेस्ट सर्व्हरवर तोही पडला. आता मला खात्री झाली. लिहिलेलं बरोबर होतं, वाचणाऱ्यालाच बाण वाचता येत नव्हता.

एरर वाचताना सगळे पहिल्या ओळीवर थांबतात. खाली शेपटासारखी लांबलचक यादी असते, कोणी कोणाला हाक मारली त्याची. मी ती शेवटपर्यंत वाचत गेले. मधेच एक नाव आलं ते त्या सर्व्हरच्या घरातलं नव्हतं, एका फार जुन्या लायब्ररीचं होतं. ती मदरच्या फोल्डरमध्ये सापडली. आणि मदरच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती: पेजवरची भाषा सर्व्हरकडून न वाचता या लायब्ररीकडून वाचून घ्यावी. ती लायब्ररी लिहिली गेली तेव्हा बाण जन्मालाही आला नव्हता. माझ्या लॅपटॉपवर मदर नव्हती, म्हणून तिथे पेज चालत होतं.

मी मदरची एक प्रत माझ्याकडे उतरवून घेतली, लायब्ररी काढली, ती ओळ काढली, पेज चाललं. दोन्ही परत ठेवली, पेज पडलं. पुन्हा काढली, पुन्हा चाललं. मी खुर्चीत बसल्या बसल्या एकटीच हसत होते. शेजारच्या मुलीने विचारलं, "सब ठीक है ना, दीदी?" मी म्हटलं, "बिल्कुल."

मॅनेजरकडे जायच्या आधी मी सरांकडे गेले. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मलाच ते योग्य वाटलं. मदर त्यांची, आणि त्यांनी मला आणलं होतं. पॅन्ट्रीत दुसरं कोणी नव्हतं. मी लॅपटॉप काउंटरवर ठेवून सगळं दाखवलं. ते चष्मा कपाळावर चढवून जवळून बघत राहिले. 

"ही मी टाकली होती," मग म्हणाले. "तुला कल्पना नाही, तेव्हा या भाषेत कंसात काही पाठवताच यायचं नाही. साधी बसचा नंबर द्यायची सोय नव्हती. मी ही लायब्ररी शोधून काढली. सगळे नको नको म्हणत होते, नवीन आहे, बुडवशील. मी कोणाचं ऐकलं नाही."

"मग बरोबरच केलंत, सर," मी म्हटलं, आणि मला ते मनापासून वाटत होतं. "आता सर्व्हर ते स्वतःच करतो. आता नुसती काढायची."

"काढू गं. काढू." त्यांनी चष्मा खाली घेतला. "पण उद्याच्या मीटिंगला शाळांचे लोक असणार. मॅनेजर असणार. त्यांच्यापुढे मदरमध्ये दोष निघाला म्हटलं तर उद्या प्रत्येक जण प्रत्येक एररला मदरकडे बोट दाखवेल. तू असं कर, सांग की पेजमध्ये सिंटॅक्स चुकला होता, आता दुरुस्त केलाय. पेजवर साधा लूप लिही. पुढच्या व्हर्जनमध्ये मी हे गुपचूप काढून टाकतो. तुझा बाण तेव्हा लाव."

मी पुन्हा स्क्रीनवरच्या त्या ओळीकडे पाहिलं. ते अगदी मायेने म्हणाले, "अगं, तू नवीन आहेस, तुझी चूक कोणी मनावर घेणार नाही. माझी घेतील. घरातली गोष्ट घरात राहू दे. आणि कन्फर्मेशनची काळजी करू नकोस, सही माझीच आहे."

त्यांनी मला धमकी दिली असती तर बरं झालं असतं. भांडायला मला आवडतं. पण ते धीर देत होते. माझी चूक खपून जाईल असं ते म्हणत होते, आणि ती का खपून जाणार होती हे मला चांगलं कळत होतं. माझ्याकडून चूक होणार हे सगळ्यांनी आधीच धरलेलं होतं. मी "बघते" एवढंच म्हणून लॅपटॉप मिटला.

घरी आई मटार सोलत बसली होती. माझा नवरा नुकताच कामावरून आला होता; बाबांच्या आजारपणापासून आम्ही सगळे एकत्रच राहतो. मी सगळं सांगितलं. नवऱ्याचा स्वभाव थंड, तो म्हणाला, "यार, एकच तर वाक्य बोलायचंय. बोलून टाक आणि पक्की हो. नोकरी परत मिळायला किती वेळ लागला, विसरलीस?"

आई म्हणाली, "त्यांनी तुला उभं केलंय बाई. उपकार आहेत."

"उपकार नोकरीचे आहेत," मी म्हटलं. "पेजचे नाहीत. पेज मी लिहिलंय."

"तू तुझ्या बाबांसारखीच हट्टी आहेस," आई म्हणाली.

"बाबांनी हट्ट केला असता तर बरं झालं असतं."

आईचे हात थांबले. काय म्हणते आहे ते तिला कळलं. बाबा इथे एका सरकारी खात्यात कारकून होते. एकदा त्यांच्या साहेबाने चुकीचा शेरा मारला, फाइल भलतीकडे गेली, वर बोभाटा झाला. साहेब चांगला होता. त्यानेच बाबांना क्वार्टर मिळवून दिलं होतं. त्याने मायेने विचारलं, तुम्ही तुमच्या अंगावर घेता का, तुम्हाला काही होणार नाही. बाबांनी घेतलं. त्यांना खरंच काही झालं नाही. कोणाला नवल वाटलं नाही, एवढंच झालं. "इनके यहाँ से ऐसे ही आते हैं," असं कोणीतरी कॉरिडॉरमध्ये म्हणालं आणि बाबांनी ऐकलं. त्यानंतर रिटायर होईपर्यंत प्रत्येक फाइल त्यांच्या हातून गेली की दुसरा कोणीतरी ती पुन्हा तपासायचा. हे मला त्यांनी सांगितलं ते आजारपणात, अर्धं तोंड वाकडं असताना, तुटक तुटक शब्दांत, आणि एकदा नव्हे. शेवटच्या महिन्यांत त्यांना बऱ्याच गोष्टी आठवत नसत. ही आठवायची.

आईने मटारचं ताट माझ्याकडे सरकवलं. "सोल," म्हणाली.  मी सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत मॅनेजर, शाळेकडून आलेले दोघं, टेस्टिंगवाले, सर आणि मी. मॅनेजरने घड्याळ बघत विचारलं, "हाँ मैडम, तो क्या मिस्टेक थी? फिक्स हो गया?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. किंचित मान हलवली, मुलीला स्टेजवर पाठवताना हलवतात तशी. त्यांची खात्री होती माझ्याबद्दल. ती मान मला अजून दिसते.

मी म्हटलं, "पेज में कोई ग़लती नहीं थी।"

"तो एरर?"

"एरर मदर में है।"

 सर घाईघाईने म्हणाले, "मैडम नई हैं अभी, मैं इनके साथ बैठ के देख लूँगा।" मी त्यांना बोलू दिलं. मग केबल लावली आणि पडद्यावर तो कोऱ्या पेजवरचा एक बाण दाखवला. मदरशिवाय चालतो. मदरमध्ये पडतो. लायब्ररी आणि ती ओळ काढली, चालतो. मी काही समजावत बसले नाही, नुसतं करून दाखवलं.  मग माझं पेज लावलं. उशिरा असलेल्या बस वर आल्या. शाळेकडून आलेल्या बाई पुढे वाकून म्हणाल्या, "अच्छा, ये तो बढ़िया है। यही चाहिए था।"

मॅनेजरने पडद्यावरच्या त्या जुन्या लायब्ररीच्या नावाकडे बघत विचारलं, "ये डाला किसने था?"

त्याला माहीत होतं. खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. सर टेबलावरच्या पेनाकडे बघत होते. मी म्हटलं, "जिसने डाला था, उस वक़्त बिल्कुल सही डाला था। तब इसके बिना काम ही नहीं होता। आज इसकी ज़रूरत नहीं है।"

"तो हटा दो," मॅनेजर म्हणाला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला. इतक्या वर्षांत कोणी हात न लावलेली गोष्ट काढायला त्याला तेवढाच वेळ लागला. मला आनंद झाला. आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. शाळेत असताना पहिला नंबर आला होता तेव्हासुद्धा एवढा झाला नव्हता.

त्या दिवशी सर चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पॅन्ट्रीत एकटी उभी राहून तो पांचट चहा प्यायले.

पुढे प्रोबेशन संपलं आणि कन्फर्मेशनचा कागद आला. खाली सही सरांची होती. वर त्यांच्याच शब्दांत लिहिलं होतं की काम काटेकोर आहे आणि दोष मुळापर्यंत जाऊन शोधतात. मला वाटलं होतं ते अडवतील. त्या माणसाने अडवलं नाही, कमी लिहिलं नाही, सूड घेतला नाही. मी कागद घेऊन तडक त्यांच्या खोलीत गेले. आत दुसरं कोणी नव्हतं.

"सर, थँक यू," मी म्हटलं. "मनापासून. चहा घेऊ या का?"

ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "बधाई हो मैडम। आपका काम अच्छा है। चाय आप लीजिए, मेरा एक कॉल है।"

मला आधी कळलंच नाही काय बदललं ते. जागेवर येऊन बसल्यावर कळलं. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि ते हिंदीत बोलले होते.

तेव्हापासून ते माझ्याशी हिंदीच बोलतात. अगदी आदराने, आप म्हणून. इतरांना वाटतं, ऑफिसची शिस्त आहे. मंडळाच्या कार्यक्रमातही, सगळे मराठीत कलकलाट करत असताना, "मैडम, प्लेट ले लीजिए।" एकदा आईने ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला घरी येऊन सांगितलं की हे असंच आहे. ती म्हणाली, "कसा माणूस आहे गं." मला त्यांचा राग येत नाही. आपलं माणूस म्हणून मला दिलेली मराठी आपण परत घेतली, असं त्यांना वाटत असावं.

मागच्या आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी आले. हातात लॅपटॉप. "मैडम, ये एक्सप्रेशन पार्स नहीं हो रहा। ज़रा देखेंगी?" मी बघितलं. त्यांनी पेजवर बाण काढला होता, आणि उजवीकडे जावाच्या सवयीने महिरपी कंस घातले होते. मी खुर्ची ओढून दिली. "बसा सर," मी म्हटलं. "हे कंस इथे चालत नाहीत. काढा, आणि अट नुसतीच लिहा." ते बसले. त्यांनी कंस काढले, पेज उघडलं, चाललं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण तो बाण पहिल्यांदा चालला तेव्हा माझ्याही चेहऱ्यावर तेच आलं असणार.

"अरे वाह," ते म्हणाले. मग उठले. "थैंक यू, मैडम।"

"सर," मी म्हटलं, "मला मॅडम नका म्हणू. पूर्वीसारखं बोला ना."

ते क्षणभर थांबले. मला वाटलं, आता बोलतील. "आप बुरा मत मानिए," ते म्हणाले आणि लॅपटॉप छातीशी धरून निघून गेले.

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण मी उद्याही त्यांच्याशी मराठीतच बोलणार आहे, परवाही, आणि ते हिंदीत उत्तर देत राहिले तरी. नोकरी त्यांच्या सहीने मिळाली असेल. मराठी मला त्यांच्या सहीने मिळालेली नाही.